जाळी लावणार नाही

विद्याधर आठल्ये रोज सकाळी कबुतरांना दाणे घालतात, असं कुणी त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याच्याच तोंडाचा वास घेतला असता. कबुतर या प्राण्याशी या माणसाचं हाडवैर. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी आधी गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या. मग प्लॅस्टिकचं एक घुबड आणून कठड्यावर बसवलं. कबुतरांनी आठवडाभर त्या घुबडाचा मान ठेवला आणि नंतर त्याच्याच डोक्यावर बसून अंग फुलवायला सुरुवात केली.

सरकारी कारखान्यात मशिनी जुळवण्यात उभा जन्म गेलेला हा गृहस्थ. प्रत्येक दुखण्याला उपाय असतो आणि तो बाजारात मिळतो, अशी त्यांची ठाम समजूत. कबुतरांवरचा उपाय म्हणजे नायलॉनची जाळी. इमारतीतल्या बाकी सगळ्यांनी ती लावून घेतली होती. आठल्यांच्या घरी मात्र नयना आडवी आली.

"मी काय कोंबडी आहे जाळीत बसायला?" ती म्हणायची.

नयना त्यांची बायको, मिरजेची. बंगळूरला येऊन जन्म गेला तरी तिची कानडी भाजीवाल्याच्या पुढे सरकली नाही. तिचं गाव म्हणजे ती गॅलरी. तिथल्या आपल्या खुर्चीतून ती खालच्या मजल्यावरच्या कावेरी अक्कांशी अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत तासन्‌तास बोलायची, रस्त्यावरून कोण गेलं कोण आलं त्याची खबर ठेवायची आणि रात्रीचा उरलेला भात कठड्यावर ठेवून कबुतरांना बोलवायची. घुबडाच्या पायाशी! आठल्ये दर दिवाळीला जाळीचा विषय काढत आणि दर दिवाळीला हरत. हरण्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं असंही नाही. कुठे अडायचं आणि कुठे सोडायचं, हे संसारात माणसाला कळून चुकतं.

मग नयनाला खोकला लागला. बंगळूरची हवाच तशी, इथे आलं की शिंका आणि धाप फुकट, असं सगळे म्हणाले. आधी ॲलर्जी झाली, मग दमा झाला, मग तोंडाने ओढायचा पंप आला. पंपाने काही होईना तेव्हा स्कॅन काढला आणि डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं राठ होत चालली आहेत, कारण सांगता येत नाही. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नयनाने आपली खाट गॅलरीच्या दाराशी ओढून घेतली आणि दार सताड उघडं ठेवायला लावलं. होळीच्या आधी ती गेली.

आठल्ये रडले नाहीत. लोकांना वाटलं, माणूस धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग अर्धं तोंड आपलं राहत नाही. पाणी प्यायला गेलं तर गालावरून ओघळतं, गाल चावला तरी कळत नाही. आठल्यांचं सगळंच तसं झालं होतं. चहा दिला की पीत, नाही दिला की नाही पीत.

दहाव्याला कावळा शिवेना.

श्रीरंगपट्टणला जाऊ, नदीकाठी कावळे चिक्कार, असं दामोदर सांगत होता. दामोदर म्हणजे नयनाचा धाकटा भाऊ, सांगलीहून आला होता. आठल्ये म्हणाले, इथेच उरका. म्हणून स्मशानालगतच्या सिमेंटच्या कट्ट्यावर पिंड मांडला गेला. चहूकडे उंच इमारती, मध्ये कट्टा, आणि आभाळात एक पाखरू नाही. गुरुजी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरला मुरलेले, त्यांच्या मराठीत निम्मी कानडी.

"राव, स्वल्प मागे सरा," ते म्हणाले. "माणसं दिसली की कागे येत नाही."

सगळे मागे सरले. कागे काही आला नाही. मग सुरू झाली ती आपली रीत. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही; मागे उरलेल्यांनी ती ओळखायची आणि शब्द द्यायचा. अमृता, आठल्यांची एकुलती एक मुलगी, येलहंक्याला राहणारी, हात जोडून म्हणाली, "आई, मी बाबांना एकटं टाकणार नाही." कावळा नाही. दामोदर म्हणाला, "ताई, मिरजेच्या घरातली तुझी खोली तशीच ठेवतो." कावळा सोडा, चिमणीही फिरकली नाही. ऊन चढलं. गुरुजी पिशवीतून दर्भ काढून त्याचाच कावळा वळायला बसले. दामोदर हळूच म्हणाला, "भावोजी, तुम्ही बोला काहीतरी."

आठल्यांचा असल्या गोष्टींवर कवडीचा विश्वास नव्हता. पाय भाजत होते आणि डोक्यात काहीही नव्हतं. तोंडून निघालं ते एवढंच:

"जाळी लावणार नाही."

कुठून कोण जाणे, एक पारवा फडफडत खाली उतरला. मान मागेपुढे करत पिंडापाशी गेला आणि शितं टिपायला लागला. दामोदरने हुंदका दिला. अमृता तोंडावर पदर धरून खाली बसली. गुरुजींनी हातातल्या अर्धवट दर्भाकडे पाहिलं, पारव्याकडे पाहिलं.

"पारिवाळ आहे," ते म्हणाले. "शास्त्रात नाही. पण तृप्त झाली म्हणायची. ऊन फार झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घुबडाच्या डोक्यावर एक पारवा बसला होता. आठल्ये चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि मूठभर तांदूळ घेऊन आले. यात श्रद्धा नव्हती, विचारही नव्हता. दिलेला शब्द होता. पुढे तांदूळ परवडेना म्हणून ते मेट्रोने यशवंतपूरच्या घाऊक बाजारात जाऊन ज्वारी-बाजरीची पिशवी आणू लागले. एका पारव्याचे दहा झाले, दहांचे किती झाले देव जाणे. फरशी पांढरी पडली. नयनाच्या खुर्चीवर राखेसारखी बारीक भुकटी साचायची. संध्याकाळी आठल्ये कोरडा झाडू घेऊन ती झाडत, आणि भुकटी उडून पुन्हा त्यांच्याच अंगावर बसायची.

खालून कावेरी अक्का ओरडायच्या, "सर, पारिवाळ तुंबा गलीजु!" फार घाण होतेय, असं त्यांचं म्हणणं. आठल्ये म्हणायचे, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि दाणे टाकत राहायचे.

तो पारवा म्हणजे नयना, असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही. फक्त दाणे टाकताना ते "आज अमृता येतेय" किंवा "गॅस संपला" असं काहीबाही बोलत. इतकंच.

पावसाळा संपता संपता त्यांना खोकला लागला. संध्याकाळी अंग कसकसायचं, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. थांबायचं, मग चढायचं, त्यात विशेष काय? वजन उतरलं, पँटच्या पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडली. अमृताने फोनवर बोलताना धाप ऐकली आणि दुसऱ्या दिवशी येलहंक्याहून येऊन त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, धूम्रपान? नाही. घरात धूळ? रोज झाडतो. पक्षी पाळता? छे! आठल्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पक्षी पाळणं म्हणजे पिंजरा, पोपट, मिरची. त्यांनी काही पाळलेलं नव्हतं. पंप मिळाला, तो त्यांनी ओढला, खोकला होता तिथेच राहिला.

मग अमृताने छातीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर प्रियदर्शनी बेळगावच्या निघाल्या. आडनाव वाचल्याबरोबर त्यांनी मराठी सुरू केलं. त्यांनी छाती ऐकली, नवा स्कॅन पाहिला, नळी घालून फुप्फुसाचा एक कोपरा मिठाच्या पाण्याने धुऊन ते पाणी तपासायला पाठवलं. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी खुर्ची आठल्यांच्या जवळ ओढली.

"काका, पारवे येतात की नाही तुमच्याकडं?"

"येतात."

"किती?"

अमृता म्हणाली, "बाबा दाणे घालतात त्यांना. रोज."

"मग आधीच्या डॉक्टरांना पक्षी नाहीत म्हणून कशाला सांगितलंत हो?"

"ते पाळलेले नाहीत," आठल्ये म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर फुप्फुसाचं टोक काढलं, द्राक्षाच्या घडासारखं, आणि समजावून सांगायला लागल्या. पारव्याच्या पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची भुकटी इतकी बारीक असते, की ती श्वासाबरोबर थेट या शेवटच्या मण्यांपर्यंत जाते. तिथे राखणीच्या पेशी असतात. आधी येतात त्या मोठ्या, भक्षक पेशी. जे दिसेल ते गिळतात आणि गिळलेल्याचा तुकडा दुसऱ्यांना दाखवतात. त्या दुसऱ्या म्हणजे लिम्फोसाइट. खरा घोळ त्यांचा.

"तुमचं फुप्फुस धुतलेलं पाणी बघितलं की काका, त्यात निम्म्याहून जास्त त्याच आहेत. एवढ्या असायला नकोत. त्या गोळा होतात, गाठी करतात, सूज आणतात. दम्यामध्ये वेगळ्या पेशी असतात, त्या नळ्यांमध्ये दंगा करतात, पंपानं ऐकतात. या ऐकायच्या नाहीत. सूज बरेच दिवस राहिली की तिचा व्रण होतो. एकदा व्रण झाला की तेवढं फुप्फुस गेलं म्हणायचं."

"म्हणजे भुकटीत विष आहे?" आठल्यांच्या इंजिनिअर डोक्याला बिघाड कुठल्या भागात आहे ते कळायला हवं होतं.

"विष कसलं? नुसती धूळ. तुमच्याच पेशी तिला शत्रू समजून बसल्यात. त्यांचं चुकतंय."

"मग त्या विसरतील ना? थोडे दिवस गेले की?"

"नाही हो काका. एकदा ओळखलं की विसरत नाहीत. गोळ्यांनी त्यांना शांत करता येतं, विसरायला नाही लावता येत. म्हणून सांगते, गोळ्या देते, पण आधी पारवे बंद. दाणे बंद, गॅलरी धुऊन घ्या, ते काम तुम्ही करू नका, आणि जाळी लावा. नाही लावली तर वर्ष-दोन वर्षांत ऑक्सिजनवर याल."

जाळी हा शब्द आठल्यांनी ऐकला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. अमृताचा चेहरा मात्र उतरला होता. ऑक्सिजन म्हणताच तिला काहीतरी सुचलं. तिने पर्समधून फोन काढला, त्यात बराच वेळ शोधलं आणि तो डॉक्टरांपुढे धरला. "हा आईचा स्कॅन. मागच्या वर्षीचा. कारण सांगता येत नाही म्हणाले होते."

डॉक्टरांनी ती चित्रं मोठी करून पाहिली. मग समोरच्या पडद्यावरची आठल्यांची पाहिली. पुन्हा फोन पाहिला.

"त्यांना कुणी विचारलं होतं काय, पक्ष्यांचं?"

विचारलं होतं. आठल्यांना ते आत्ता आठवलं. नयनाला बोलायला धाप लागत होती म्हणून तिच्या वतीने त्यांनीच उत्तर दिलं होतं, तेच आणि तसंच. छे!

"काका, आता मागे जाऊन काही खात्रीनं सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली ना, तर कुठलं कुणाचं ते नाव वाचल्याशिवाय मला कळायचं नाही."

परत येताना रिक्षात आठल्यांना काही वाटायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी अमृताने जाळीवाल्याला बोलावलं. यल्लाप्पा म्हणून होता, निपाणीकडचा, खांद्यावर नायलॉनचा गुंडाळा आणि हातात ड्रिल. तो गॅलरीत जाऊन मोजमाप घ्यायला लागला आणि आठल्ये दारात आडवे उभे राहिले.

"आज नको."

"बाबा, बाजूला व्हा."

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"तो पारव्याला दिलाय तुम्ही!" अमृता ओरडली. तिचा आवाज खाली कावेरी अक्कांपर्यंत गेला असणार. "आईला नाही! ते पाखरू भुकेलं होतं, म्हणून आलं. आणि मी काय शब्द दिला होता त्या कट्ट्यावर, आठवतं? तुम्हाला एकटं टाकणार नाही म्हणाले होते. तेव्हा कावळाही आला नाही आणि पारवाही आला नाही. म्हणून माझा शब्द खोटा का? आई गेली, आता तुम्ही जा. मग मी कुणाच्या घरी यायचं?"

यल्लाप्पा बिचारा ड्रिल खाली ठेवून फरशीकडे बघत होता. त्याला मराठी चांगलं कळत होतं, हीच त्याची अडचण. शेवटी तोच म्हणाला, "मी परवा येतो की साहेब. तुमी ठरवा."

परवा नयनाचं वर्षश्राद्ध होतं.

मधला दिवस आठल्ये खुर्चीत बसून राहिले. सकाळी गॅलरीबाहेर पंखांचा नेहमीचा गलका झाला. दाण्यांची पिशवी स्वयंपाकघरात होती. ते उठले नाहीत. पारवे काचेवर चोची आपटून गेले. आपण शब्द मोडला की पाळला, तेही त्यांना ठरवता येईना. शब्द पाळला तर नयनाला ज्याने नेलं त्यालाच रोज जेवू घालायचं. मोडला तर ती कोंबडीसारखी जाळीत बसणार. पण ती बसणार कुठे? गॅलरीतली तिची खुर्ची तर रिकामी होती. हा साधा हिशेब त्यांनी वर्षभरात एकदाही केला नव्हता.

श्राद्धाच्या सकाळी यल्लाप्पा आला, तेव्हा दार आठल्यांनीच उघडलं. "लाव," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. ड्रिलचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. काम आटोपल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर जाळी दिसतही नव्हती नीट. आभाळ दिसत होतं, रस्ता दिसत होता. घुबड मात्र अडगळीत जाऊन पडलं होतं.

गुरुजी येऊन विधी करून गेले. अमृताने पान वाढलं: वरणभात, भाजी, वडा, थोडी खीर. कावळ्यासाठीचं ते पान घेऊन आठल्ये गच्चीवर निघाले. अमृताने त्यांच्या तोंडावर मास्क चढवला आणि म्हणाली, ठेवा आणि लगेच खाली या. जिन्यात ते दोनदा थांबले.

गच्चीवर ऊन होतं. त्यांनी पाण्याच्या टाकीशेजारी पान ठेवलं आणि मागे सरले. कावळा कुठे दिसेना. पण पारव्यांना बातमी लागली होती. एक आला, चार आले, पाण्याच्या पाइपावर ओळ धरून बसले. त्यातला एक उतरला आणि मान मागेपुढे करत पानाकडे निघाला.

"हुश!" आठल्ये ओरडले.

तो थांबला, पुन्हा निघाला. आठल्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि धावले. "हुश! चल! तिचं आहे ते! तिचं आहे!" पंचा फिरवत ते पानाभोवती गोल गोल फिरले. पारवे उडाले, वळून पुन्हा बसले, पुन्हा उडाले. धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी हात थांबेना. वर्षभर मूठमूठ दाणे घातलेल्या हाताने त्यांनी शेवटचा पारवासुद्धा समोरच्या इमारतीवर हाकलून लावला. मग ते पानापाशी फतकल मारून बसले. छातीतून शिट्टी वाजत होती.

श्वास ठिकाणावर यायला वेळ लागला. कावळा आला नाही. यायचाही नव्हता.

"नयना, जाळी लावली," ते म्हणाले.

काही झालं नाही. आभाळातून कुणी उतरलं नाही. पान तसंच होतं, वरणावर साय धरू लागली होती. आठल्यांनी मास्क खाली ओढला आणि वरणभाताचा घास कालवून तोंडात घातला. मेलेल्या माणसाचं पान जिवंत माणसाने खायचं नसतं, हे मिरजेपासून बंगळूरपर्यंत लहान पोरालाही माहीत असतं. दामोदरने पाहिलं असतं तर तो तिथेच कोसळला असता. आठल्ये खात राहिले. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात खरकटा होता.

बाबा अजून का आले नाहीत म्हणून अमृता धावत वर आली. तिने बापाला पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि दाराशीच थांबली. मग येऊन शेजारी बसली. तिने भाताची दोन शितं बोटांनी उचलून तोंडात घातली.

"मीठ राहिलंय," ती म्हणाली.

"असू दे," आठल्ये म्हणाले. "तुझी आईपण विसरायची."